पिंजरा पायापासून आखावा

मारुती जिप्सीच्या सॉफ्ट टॉपवरचं कापडी छत काढलं, मागची दोन लांबट बाकं उतरवली, की हातात उरते ती एक छोटी पिकअपच. पुढे दोन आसनं, मागे उघडा हौदा, खाली दोन लांब तुळयांची शिडी-चासी आणि चारही चाकांवर पाटे. सुझुकीने याच लांब चासीवर ऑस्ट्रेलियासारख्या देशांत खरीखुरी पिकअपही विकली. आपल्याकडे ही गाडी १९८५च्या अखेरीस आली आणि २०१९मध्ये बंद झाली. तरी गोव्यात ऐन पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या चिखलात किंवा हिमालयातल्या रॅलींमध्ये ती अजून दिसते. हलकी, अरुंद आणि दुरुस्तीला सोपी. दोष एकच, पण मोठा. दरवाजाच्या कडेच्या वर भार झेलेल असं या गाडीत काहीच नाही. पुढच्या काचेची चौकटसुद्धा बिजागरीवर आहे, ती बॉनेटवर आडवी पडते. गाडी उलटली तर सगळं वजन माणसांच्या डोक्यावर येणार.

म्हणून रोल केज, म्हणजे नळ्यांचा पिंजरा. फॅब्रिकेटरकडे गेलं की पहिली चर्चा होते ती पाइप किती इंची आणि किती गेजचा याची. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. गाडी उलटी पडते तेव्हा वरच्या नळीवर आलेला भार कुठून कुठे जाणार आणि शेवटी गाडीच्या कोणत्या भागात उतरणार, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरलं की नळीचं माप ठरवायला अर्धा तास पुरतो. ते ठरलं नसेल तर कितीही जाड पाइप घ्या, तो पत्र्यातून आरपार जाईल.

आधी हे बघू की पिंजरा गाडीला काय करतो. जिप्सीचं रिकामं वजन साधारण ९८५ किलो. दोन चाकांमधली रुंदी सुमारे १.३ मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे असं धरू. गाडीच्या मधल्या रेषेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतरही ६५ सेंटिमीटरच, म्हणजे कागदावर ही गाडी आडव्या उतारावर ४५ अंशांपर्यंत तग धरते. प्रत्यक्षात पाटे आणि टायर दबतात, म्हणून त्याच्या बऱ्याच आधी कलंडते. आता हिच्यावर २५ मीटर नळी चढवा. पायांखालच्या पट्ट्या आणि बोल्ट सोडून तिचं वजन ६० किलोच्या आसपास होतं आणि ते सरासरी १.३५ मीटर उंचीवर बसतं. हिशेब केला तर गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर वर सरकतो आणि कलंडण्याचा कोन दीड-दोन अंशांनी कमी होतो. म्हणजे पिंजरा बसवलेली गाडी बिनपिंजऱ्याच्या गाडीपेक्षा थोडी लवकर उलटते. हौसेने छतावर जाड नळ्यांची जाळी, त्यावर कॅरियर, त्यावर स्टेपनी, त्यावर दिव्यांची रांग लावणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतःच्या गाडीचे आकडे घालून करून पाहावा. जिथे नळी लागत नाही तिथे ती नसणं हाही आखणीचाच भाग आहे.

मग किती भार धरायचा? ऑफ-रोडला गाडी उलटते ती बहुधा हळू. आडव्या उतारावर एका कुशीवर पडते, चढावर मागच्या मागे पलटते, किंवा ओढ्याच्या काठावरून लोळण घेत खाली येते. वेग कमी असला तरी पडताना गाडी सपाट जमिनीवर नीट टेकत नाही. एका कोपऱ्यावर, एखाद्या खडकावर, सगळं वजन एका क्षणी येतं. स्थिर वजनाच्या कित्येक पट भार धरावा लागतो तो यासाठी. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, नियमावलीत पिंजरा प्रमाणित करण्याची एक चाचणी आहे. गाडीचं वजन अधिक १५० किलो, या बेरजेच्या साडेसातपट भार मुख्य कमानीवर वरून दाबतात. कमान तुटता कामा नये आणि पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त कायमची खचता कामा नये. जिप्सीसाठी हा आकडा येतो ११३५ गुणिले साडेसात, म्हणजे साडेआठ टन.

साडेआठ टन ऐकून आपण घाबरतो आणि जाड पाइपकडे वळतो. पण हा भार कमानीच्या दोन पायांत वाटला तर प्रत्येकी सव्वाचार टन येतात. ४५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची आणि अडीच मिलिमीटर भिंतीची नळी आडवी कापली तर पोलादाचं क्षेत्रफळ ३३४ चौरस मिलिमीटर भरतं. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला तेरा किलोच्या आत भार. एफआयएला लागणारं साधं पोलाद किमान ३५ किलोपर्यंत तुटत नाही. सरळ उभा पाय हा भार सहज घेतो. पिंजरे मोडतात ते नळीच्या बाकांमध्ये, सांध्यांमध्ये आणि सर्वांत जास्त पायथ्याशी.

पायथ्याचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने करावा. गाडीच्या फरशीचा पत्रा एक मिलिमीटर धरा. नळीचं टोक थेट या पत्र्यावर वेल्ड केलं तर भार पडतो तो ४५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाकार काठावर. त्या काठाची लांबी १४१ मिलिमीटर. पत्रा कातरायला दर चौरस मिलिमीटरला साधारण २० किलो जोर लागतो, म्हणजे २८०० किलोंवर पत्रा फाटतो. आपल्या पायावर तर सव्वाचार टन येणार आहेत. लाटलेल्या पोळीतून वाटीच्या काठाने पुरी कापावी तशी नळी फरशीतून खाली उतरते. वरची कमान शाबूत राहते आणि छत मात्र माणसाच्या डोक्याशी येऊन टेकतं. आता त्याच नळीखाली ११० बाय ११० मिलिमीटरची पट्टी ठेवा. तिची कडा ४४० मिलिमीटर, म्हणजे पत्रा कातरायला जवळजवळ पावणेनऊ टन लागतील. नळी तीच, पत्रा तोच, पण पाय तिपटीहून जास्त भार झेलायला तयार झाला. एफआयएच्या नियमात मुख्य पायांखालच्या या पट्टीचं क्षेत्रफळ किमान १२० चौरस सेंटिमीटर आणि जाडी किमान ३ मिलिमीटर सांगितली आहे, ती उगीच नाही. पायाला किमान तीन बोल्ट लागतात, एम-८ किंवा त्याहून मोठे, ८.८ ग्रेडचे किंवा वरचे. बोल्टच्या माथ्यावर ८.८ कोरलेलं असतं, ते पाहून घ्यावं. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारे बोल्ट या कामाचे नाहीत.

पट्टी नुसती सपाट ठेवण्यापेक्षा ती वाकवून फरशीवर आणि दरवाजाखालच्या उंबऱ्याच्या उभ्या बाजूवर अशी दोन पातळ्यांत बसवली तर जास्त चांगलं. उंबरा हा पत्र्याचा बंद खोका आहे, फरशीपेक्षा कितीतरी ताठ. पण जुन्या जिप्सीत हाच उंबरा आतून गंजलेला असतो. विशेषतः कोकणातल्या गाडीत हातोडीचा ठोका मारून आवाज ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये. रंगाखाली गंजाचा पापुद्रा असेल तर आधी पत्रा बदलायचा, पिंजरा नंतर.

इथे चासीचा प्रश्न येतो, आणि पिकअपच्या बाबतीत तो सर्वांत नाजूक आहे. मोनोकॉक मोटारीत बॉडी आणि सांगाडा एकच असतो. शिडी-चासीच्या गाडीत बॉडी रबरी गुटक्यांवर ठेवलेली असते. एक चाक दगडावर चढलं की चासी पिळवटते, आणि बॉडी रबरामुळे त्यातून काही अंशी सुटते. आता पिंजऱ्याचे दोन पाय बॉडीला आणि दोन थेट चासीला पक्के जोडले तर प्रत्येक दगडावर चासी बॉडीला नळ्यांमार्फत पिळू लागते. काही महिन्यांत पायाभोवतीचा पत्रा तडकतो. तेव्हा एक बाजू निवडायला हवी. सगळे पाय बॉडीवर, पण शक्यतो बॉडी जिथे गुटक्यांवर चासीला बसते त्या जागांच्या जवळ, म्हणजे भार रबरातून चासीत उतरतो. किंवा मग सगळे पाय फरशीतून खाली चासीपर्यंत न्यायचे आणि तिथे त्यांनाही रबरी बुश द्यायचे. जिप्सीसाठी मला पहिला मार्ग पटतो, कारण तिची पुढची बाजू आणि हौदा एकाच पत्र्याच्या बॉडीत आहेत.

बोलेरो पिकअपसारख्या गाडीत केबिन आणि हौदा वेगवेगळे असतात. खडबडीत रस्त्यावर मागून पाहिलं तर केबिन एकीकडे आणि हौदा दुसरीकडे झुकलेला स्वच्छ दिसतो. अशा गाडीत कमान केबिनमध्ये आणि तिचे टेकू हौद्यात असा पिंजरा केला तर तो स्वतःच्याच सांध्यांना रोज ओढत राहतो. तिथे पिंजरा पूर्ण केबिनच्या आत संपवावा, नाहीतर केबिनच्या मागे चासीवर उभा राहणारा स्वतंत्र सांगाडा करावा. शोरूमच्या पिकअपमध्ये हौद्याच्या पुढच्या टोकाला चकाकती क्रोमची कमान दिसते. हौद्याच्या पत्र्याला चार बोल्टांनी लावलेली ती वस्तू शोभेची आहे. तिच्या भरवशावर कोणी उतारावर जाऊ नये.

पायांच्या जागा नक्की झाल्या की कमान आखता येते. मुख्य कमान पुढच्या आसनांच्या लगेच मागे, गाडीच्या पूर्ण रुंदीची, एका अखंड नळीची. ती एकाच पातळीत हवी आणि जवळजवळ उभी हवी. नियमात उभ्या रेषेपासून दहा अंशांची सूट आहे. जिप्सीत ही कमान फरशीपासून साधारण १.१ मीटर उंच आणि १.२ मीटर रुंद होते. ती बाजूंना जितकी बाहेर जाईल तितकं आतल्या माणसाच्या डोक्याला अंतर मिळतं. म्हणून पाय उंबऱ्याला टेकवून कमान बाहेरच्या पत्र्याच्या रेषेत वर न्यायची.

आता नळी. एफआयएच्या नियमात मुख्य कमानीसाठी ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटर, आणि बाकीच्या भागांसाठी ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ मिलिमीटर अशी किमान मापं आहेत. पोलाद साधं कार्बनचं, थंड ओढलेलं, सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचं. भरीव गज का नाही, असा प्रश्न वर्कशॉपमध्ये हमखास येतो. ४५ बाय २.५च्या नळीइतक्याच वजनाचा भरीव गज घेतला तर तो जेमतेम साडेवीस मिलिमीटर जाडीचा भरेल, आणि वाकण्याला त्याचा विरोध नळीच्या आठव्या हिश्श्याइतकाही भरणार नाही. वाकताना काम करतं ते मध्यापासून दूर असलेलं पोलाद, मधलं नुसतं वजन वाढवतं. मग हाच तर्क ताणून ६० मिलिमीटरची पण एक मिलिमीटर भिंतीची नळी का घेऊ नये? कारण ऑफ-रोडला नळी खडकावर आपटते. पातळ भिंतीला पोचा पडतो, आणि पोचा पडला की नळी तिथेच दुमडते.

अभियांत्रिकीच्या मुलांना बाहा या स्वतः गाडी बांधून धावायच्या स्पर्धेच्या नियमातली २५ बाय ३ मिलिमीटरची नळी तोंडपाठ असते. पुण्या-नाशिकच्या कितीतरी महाविद्यालयांत अशा गाड्या बनतात आणि तिथून बाहेर पडलेला मुलगा पहिल्यांदा जिप्सीला हात घालतो तेव्हा तीच नळी सुचवतो. पण बाहाची एकटा चालक घेऊन धावणारी गाडी जिप्सीच्या पाव वजनाच्या आसपास असते. २५ बाय ३ची नळी वाकण्याला ४५ बाय २.५च्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकाच विरोध करते. ती नळी तिच्या गाडीपुरती बरोबर आहे.

खरा धोका आहे तो जीआय पाइपचा. दीड इंची पाण्याचा पाइप बाहेरून ४८ मिलिमीटर आणि भिंतीला तीन मिलिमीटरच्या वर असतो. मापाने तो केजच्या नळीच्या इतका जवळ आहे की मोह होतोच, शिवाय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. पण आयएस १२३९ खालचा हा पाइप पाणी वाहून नेण्यासाठी बनवलेला आहे. बाकात शिवण उसवणार की नाही याची खात्री देणं हे त्याचं काम नव्हे. वरच्या जस्ताच्या थरामुळे वेल्डमध्ये भोकं राहतात आणि त्या धुराने वेल्डरला ताप भरतो. वाहनांसाठीच्या नळ्यांचं भारतीय मानक वेगळं आहे, आयएस ३०७४. स्पर्धेत उतरायचं नसेल तर त्यातली थंड ओढलेली नळी चालू शकते. स्पर्धा असेल तर सीमलेसच, आणि खरेदीबरोबर मिलचं प्रमाणपत्र मागून घ्यावं, कारण तपासनीस ते विचारतात. क्रोम-मॉली हे मिश्रधातूचं पोलाद जास्त ताकदीचं आहे, पण ते टिग वेल्डिंगने, काळजीपूर्वक, जाणत्या हातानेच वेल्ड व्हावं लागतं. आपल्याकडच्या सर्वसाधारण वर्कशॉपसाठी साधं पोलाद जास्त क्षमाशील आहे. ते तुटण्याआधी पुष्कळ वाकतं, आणि उलटणाऱ्या गाडीत नेमकं हेच हवं असतं.

नुसती कमान म्हणजे चौकट. वरून सरळ दाबली तर ती उभी राहते, पण कोपऱ्यावर तिरका धक्का बसला की झुकते, कारण चारही कोपरे दारासारखे फिरू पाहतात. तिरकी नळी घातली की चौकटीचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. एकच तिरकी नळी घालायची असेल तर तिचं वरचं टोक चालकाच्या बाजूला ठेवावं, म्हणजे त्या कोपऱ्यावर आलेला भार थेट पलीकडच्या पायथ्याशी उतरतो. पण दाब सोसणारी लांब नळी पोलादाची ताकद संपण्याआधीच मधून लचकते. ३८ बाय २.५ची १.६ मीटर लांब नळी दोन्ही टोकांना मोकळी धरली तर तिचा लचकण्याचा भार साधारण ३.४ टन येतो. तिच्या मध्यावर दुसरी तिरकी नळी फुली करून जोडली की लचकणारी लांबी निम्मी होते, आणि हा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने चौपट होतो. म्हणजे आता लचकण्याआधी पोलादाची स्वतःची मर्यादा येईल. साडेतीन किलो जादा नळीत याहून मोठा फायदा पिंजऱ्यात दुसरीकडे कुठे मिळत नाही, म्हणून फुली सोडू नये. मागच्या हौद्यातलं दिसत नाही अशी तक्रार चालक करतो. करू दे.

मागे पडताना कमान सरळ आडवी होऊ नये म्हणून दोन टेकू. ते कमानीच्या वरच्या बाकांच्या अगदी जवळून निघतात आणि हौद्यात उतरतात. उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन हवा. १.१ मीटर उंचीवरून फरशीपर्यंत यायचं तर पाय कमानीच्या निदान ६४ सेंटिमीटर मागे पडतो. चाकावरच्या पत्र्याच्या उंचवट्यावर टेकवायचा असेल तर अंतर कमी लागतं, पण तो पत्रा वाकडातिकडा असल्याने खालची पट्टी त्याच्या आकाराची ठोकून घ्यावी लागते. टेकू सरळ हवेत. सामान ठेवायला जागा म्हणून बाक दिलेला टेकू पहिल्या धक्क्याला त्याच बाकात दुमडतो.

पुढच्या बाजूला सॉफ्ट टॉपमध्ये काचेची चौकट कामाची नाही, म्हणून दोन्हीकडे एकेक नळी कमानीपासून पुढे, काचेच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथून वाकून दरवाजाच्या बिजागरीच्या खांबालगत खाली पायापर्यंत येते. दोघींना काचेच्या वर एक आडवी नळी जोडते. दरवाजात निदान एक आडवी नळी, उंबऱ्यापासून इतकी वर की बाजूने खडक आला तर मांडीआधी नळीला लागेल, आणि इतकी खाली की चिखलात अडकल्यावर चालकाला बाहेर पडता येईल. छतावरही फुली हवी, कारण उलट्या गाडीत दोन नळ्यांच्या मधून येणारा दगड हा ऑफ-रोडचा खास प्रकार आहे. रॅलीच्या रस्त्यावर तो क्वचित भेटतो.

आता माणूस. पिंजऱ्याच्या आत बसणाऱ्याच्या डोक्याचा विचार न करता केलेला पिंजरा धोकादायक असतो. उलटताना डोकं वर आणि बाजूला झेपावतं, पट्टा ताणला जातो, आसनाचा फोम दबतो. हेल्मेट नसेल तर एरवी हवेत गेलं असतं ते डोकं पोलादी नळीवर आपटतं. बाहाच्या नियमात हेल्मेट आणि नळ्या यांच्यात १५२ मिलिमीटर अंतर मागितलेलं आहे, जिप्सीतही निदान तेवढं मिळवावं. त्यासाठी आसन खाली घ्यायची वेळ आली तरी चालेल. जिथे डोकं पोहोचू शकतं तिथे घट्ट, मंद दबणारा पॅडिंगचा थर लागतो. यासाठी एफआयएचं ८८५७-२००१ हे मानक आहे. एसीच्या नळीवरचा काळा फोम गुंडाळून केलेलं पॅडिंग म्हणजे डोळ्यांत धूळफेक. तो चिमटीत दबतो, मग डोक्याच्या धक्क्याला काय थांबवणार?

तसाच पट्टा. पिंजऱ्यात तीन टोकांचा साधा पट्टा पुरत नाही, चार किंवा अधिक टोकांचा हार्नेस लागतो. त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या मागे जाताना जवळजवळ आडव्या हव्यात. दहा अंशांपर्यंत खाली उतरलेल्या चालतात. त्या थेट फरशीला बांधल्या तर धक्क्यात पाठीचा कणा खाली दाबतात. म्हणून मुख्य कमानीवर खांद्याच्या उंचीला एक आडवी नळी घ्यायची आणि पट्टे तिथे अडकवायचे. हेल्मेट, हार्नेस आणि पाठ धरणारं आसन घेण्याची तयारी नसेल तर रोजच्या गाडीत पूर्ण पिंजरा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या हौद्यात मुलं बसवून फिरणाऱ्या गाडीत तर मुळीच नाही.

प्रत्यक्ष बांधणीत सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे इलेक्ट्रिशियनचा स्वस्त पीव्हीसी पाइप. पोलाद वाकवण्याआधी संपूर्ण पिंजरा त्याचा करून गाडीत उभा करायचा, टेपने सांधायचा. मग चालकाला हेल्मेट घालून, पट्टा आवळून बसवायचं, मान चारी दिशांना झुकवायला लावायची. स्टिअरिंग पूर्ण फिरवताना कोपर कुठे लागतं, दरवाजा बंद होतो का, गिअर टाकताना हात अडतो का, सगळं इथेच कळतं. प्लास्टिक कापायला पैसे पडत नाहीत. माप पक्कं झालं की बाकांच्या जागा खुणावून पोलाद बेंडरवर.

बेंडर प्लंबरचा नको. त्याचा बूट नळीला आतल्या बाजूने चेपतो. बाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी, म्हणजे ४५च्या नळीला १३५ मिलिमीटर, आणि वाकलेल्या जागी लहान व्यास मोठ्याच्या ९० टक्क्यांखाली जाता कामा नये. कॅलिपर लावून मोजायचं. वाळू भरून, गॅसने लाल करून वाकवण्याची जुनी हातोटी ग्रिल बनवायला ठीक आहे, इथे नाही. थंड वाकवलेली नळी सोडल्यावर थोडी उलगडते, म्हणून ९० अंशांसाठी एक-दोन अंश जास्त घ्यावे लागतात. किती, ते त्याच लॉटच्या तुकड्यावर आधी करून पाहायचं.

जिथे एक नळी दुसरीला येऊन मिळते तिथे टोकाला माशाच्या तोंडासारखा अर्धगोल घ्यावा लागतो. वर्कशॉपमध्ये त्याला फिशमाउथच म्हणतात. होल-सॉने घेतलेला काप उत्तम, ग्राइंडरने केलेला चालतो, पण फट एक मिलिमीटरच्या आत हवी. मोठी फट वेल्डने भरून काढली की बाहेरून गुबगुबीत दिसणारा पण आत न शिरलेला सांधा तयार होतो.

सगळा पिंजरा आधी नुसत्या टॅकवर, म्हणजे वेल्डच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर, उभा करायचा, पुन्हा माणूस बसवून पाहायचं, आणि मगच पूर्ण वेल्ड. बॅटरी काढलेली, पेट्रोलची टाकी उतरवलेली. वेल्ड नळीच्या पूर्ण परिघावर हवा, एक बाजू सोडून चालत नाही. सीओटू वेल्डिंग चालतं, टिग त्याहून चांगलं. एका बाजूचे सगळे सांधे एकदम केले तर उष्णतेने कमान एकीकडे ओढली जाते, म्हणून कोपरा बदलत, थोडं थोडं. झालेला वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करू नये, घासताना जातो तो सांध्याचाच भाग. उघड्या जिप्सीत एक मोठी सोय आहे: छत नसल्याने वरच्या सांध्यांभोवती टॉर्च फिरवता येते. बंद केबिनच्या गाडीत वरची नळी छताला चिकटून असते आणि तिचा वरचा अर्धा सांधा पोहोचण्याबाहेर. तिथे फरशीला पायांच्या जागी भोकं पाडून पिंजरा खाली सोडतात, वरचे सांधे पूर्ण करतात, पुन्हा वर उचलून पायांखाली पोलादी खोके बसवतात. जास्तीचं काम आहे, पण दुसरा प्रामाणिक मार्ग नाही.

कायद्याचंही पाहायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीपत्रात नमूद असलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. पुढच्या बंपरवरच्या पोलादी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं ते याच कलमाच्या आधाराने. त्यामुळे स्पर्धेची गाडी ट्रेलरवर किंवा ट्रकमध्ये घालून मैदानापर्यंत नेणं बरं. स्पर्धेत उतरायचं असेल तर तिचं त्या वर्षीचं नियमपत्रक नळी विकत घेण्याआधी वाचावं. वर दिलेली मापं किमान आहेत, आयोजक त्याहून जास्त मागू शकतात.

पहिल्या फेरीनंतर पायांचे सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे, पट्ट्यांच्या कडेचा रंग तडकला आहे का ते पाहायचं. रंगाची रेघ फाटलेली दिसली तर खाली पत्रा हलतोय. गाडी खरोखर उलटली तर प्रत्येक सांध्यावरचा रंग घासून तडे शोधायचे, कमानीच्या दोन्ही कर्णांची लांबी फितीने मोजून आधीच्या मापाशी ताडायची. ते माप बांधणीच्या दिवशीच वहीत लिहून ठेवलेलं असावं. वाकलेली नळी सरळ करून परत वापरत नाहीत. ती कापतात, त्याच मापाची नवी नळी दोन्ही टोकांना खाच घेऊन बसवतात, आणि मुख्य कमानच वाकली असेल तर संपूर्ण पिंजरा उतरवतात.